हिदरटू म्हणजे आजवर

नाशिकच्या एका इंग्रजी शाळेत मी तीन वर्षं हंगामी नेमणुकीवर गणित शिकवत होते. एका शनिवारी शाळा सुटताना मला व्यवस्थापनाचं पत्र मिळालं. पहिल्याच वाक्यात 'टेम्पररी' होतं आणि त्याच्या आधी 'हिदरटू'. हा शब्द मी तोवर वाचला नव्हता. माझं शिक्षण मराठीतून झालं होतं.

घरी वडिलांना पत्र दाखवलं. ते ओझरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. उभं आयुष्य यंत्रांची इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यात गेलं, त्यामुळे घरात इंग्रजीचा निवाडा त्यांचा.

"हिदर म्हणजे इथं," ते म्हणाले. "हिदरटू म्हणजे इथून पुढं. इथून पुढं तू टेम्पररीच."

"पण खाली कन्फर्म लिहिलंय."

"म्हणजे तसं पक्कं केलंय."

"मोबाइलवर बघू का?"

"मी काय उगाच सांगतोय?"

मी बघितलं नाही. तीन वर्षं राबून हे मिळणार असेल तर नकोच, असं आम्हा दोघांनाही वाटलं. रविवारी मी राजीनामा लिहिला. सोमवारी पाकीट मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं. त्या मीटिंगला निघाल्या होत्या. पाकीट तसंच घेऊन गेल्या.

स्टाफरूममध्ये इंग्रजीच्या ज्येष्ठ बाई भेटल्या. "अभिनंदन! कायम झालीस."

मी पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हिदरटू म्हणजे आजवर. आजवर हंगामी होतीस, आता कायम. जुना शब्द आहे. बोलताना कोणी वापरत नाही, असल्या पत्रांतच उरलाय. तो दिसला की समजायचं, पुढं बहुतेक बदल सांगणार आहेत."

मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापिकांच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. त्या आल्या तेव्हा पाकीट फोडलेलं होतं.

"हे काय आहे?"

"मॅडम, पत्रातला एक शब्द मला कळला नाही."

राजीनामा लिहिणं याहून सोपं होतं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जा. सुट्टी संपली की तुझा तास आहे ना?"

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, माझा मोबाइल मागून घेतला आणि शब्द शोधला. उच्चार दोनदा ऐकला.

"म्हणजे मी उलटं सांगितलं."

"हो."

"मॅडमना माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

त्यांनी मोबाइल परत दिला आणि ते गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. मी पत्र फाइलला लावलं.

हल्ली सोसायटीची इंग्रजी नोटीस आली की ते माझ्यापुढे ठेवतात. "बघ, काय म्हणतायत." आधी त्यांनी ती वाचलेली असते, हे मला ठाऊक आहे. अर्थ मात्र सांगत नाहीत.