धारेच्या वाटेतलं घर

हर्षकाका कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत, नळ सोडून ओंजळभर पाणी पीत आणि यजमानासमोरच निकाल देत. "पानी मेलेलं हाय बे तुमचं. मानसंबी तशीच." अमेरिकेत रेडमंडला आम्हा मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून डबे आणून होणाऱ्या जेवणात, लोक हसत. काका हसत नसत.

ते मराठी नव्हते. काठमांडूजवळच्या पाटणचे नेवार, बौद्ध. नागपूरला इंजिनिअरिंग केलं, तिथली मराठी उचलली आणि रेडमंडला सॉफ्टवेअरमधून निवृत्त झाले. पाटणला त्यांच्या चौकात एक चैत्य, म्हणजे छोटा स्तूप, आहे. शेजारी पायऱ्या उतरून गेलं की मगरीच्या तोंडातून पाणी पडायचं अशी दगडी धारा. तिचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या पाटातून येई. त्या पाण्याने त्यांची थोरली बहीण रोज पहाटे चैत्याला अंघोळ घाली. बहिणीला ते तता म्हणत. नेवारीत ताईला तसंच म्हणतात. भूकंपानंतर धारा आटली. मरायच्या आत ती वाहताना बघायची, एवढंच काकांना हवं होतं.

पाटणची तरुण मंडळी आणि इथले नेवार धारा पुन्हा सुरू करण्यासाठी दर रविवारी झूमवर भेटत. नियम काकांनी घालून दिला होता: पाटाच्या वाटेत जे बांधकाम येईल ते पाडायचं. पहिलं आलं एका म्हाताऱ्या मूर्तिकाराचं स्वयंपाकघर. भिंतीला वळसा घालून प्लॅस्टिकची नळी टाका, अशी त्याने विनवणी केली. काकांनी ऐकलं नाही. स्वयंपाकघर पडलं. पुढच्या पॉटलकला काकांनी म्हाताऱ्याचे थरथरते जोडलेले हात आम्हाला करून दाखवले. "नळीतून येते ते पानी नाही बे, सलाइन हाय."

तरी धारा कोरडीच राहिली. मग सिठी नखाचा सण आला. त्या दिवशी नाग पाण्यातून बाहेर गेलेले असतात, म्हणून विहिरी आणि पाट त्याच दिवशी उघडून साफ करायचे, असा नेवारांचा रिवाज. तिथे सकाळ होती, इथे संध्याकाळ. काकांनी आम्हालाही घरी बोलावलं होतं. टीव्हीवर पाटात सोडलेल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं: काळी माती, मुळं, आणि मग वाट अडवून उभा असलेला काँक्रीटचा खांब.

वर जमिनीवर मुलांनी मोजमाप केलं. खांब तताच्या घराचा होता. भूकंपात जुनं घर कोसळलं, तेव्हा तिला पुन्हा भीती वाटू नये म्हणून काकांनी इथे बसून नकाशा काढला होता आणि पाया मुद्दाम खोल घ्यायला लावला होता.

नळीचा विषय आता मूर्तिकारानेच काढला. तता म्हातारी आहे, असं तो म्हणाल्याचं कोणीतरी आम्हाला सांगितलं. काकांनी नकार दिला आणि तताला स्क्रीनसमोर बोलावून दोन वाक्यांत निर्णय सांगितला. तिने एकच विचारलं: मी जाऊ कुठे? शहराच्या कडेला काकांच्या एका पुतण्याची भाड्याची खोली होती. तिथे, काका म्हणाले.

नंतर मी त्यांना विचारलं, नळी टाकली असती तर काय बिघडलं असतं?

"त्याचं पाडलं, माझं काय सोन्याचं हाय? अन् तता समजून घेते. लहानपणापासून घेते."

घर पडलं. तता त्या खोलीत राहायला गेली. तुटलेला पाट काळ्या चिकणमातीने पुन्हा जोडला. पावसाळा सरता सरता धारा सुरू झाली. पाटणहून आलेला व्हिडिओ काकांनी भरल्या घरात लावला. मगरीच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती आणि मुलं तिच्याखाली नाचत होती. मागे चैत्य दिसत होता, कबुतरांच्या विष्ठेने पांढरा झालेला. काका टीव्हीला नाक लावून उभे होते. त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

तताचा आनंद सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यांनी लगेच फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे बादल्यांचा खणखणाट आणि बायकांची भांडणं चालली होती. काका नेवारीत बराच वेळ बोलले. ती थोडंसं बोलली आणि फोन बंद झाला.

काय म्हणाली, असं कोणीतरी विचारलं.

काकांनी जसंच्या तसं सांगितलं. "बोलली, चांगलं झालं. टँकर आला हाय, लायनीत उभी हाय, मंग बोलू."