तानाबाईची खोली

तानाबाई कधी गोड बोलली नाही. वर्ध्यातल्या आमच्या आधारगृहात ती गृहमाता होती, पण माता म्हणावं असं तिच्या तोंडात काही नव्हतं. घर नसलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या आम्ही बारा मुली तिथं राहायचो आणि उठल्यापासून तिच्या शिव्या खायचो. नळ चालू राहिला की शिवी, पेपरात कमी मार्क पडले की शिवी. मूळची ती सिंदीची. नवऱ्यानं घराबाहेर काढल्यावर काही वर्षं जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचला, मग इथं आली आणि नऊ वर्षं स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहिली. दुसरं घर तिलाही नव्हतं.

नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात ती बाजारात जाऊन स्टीलच्या ताटावर तिचं नाव कोरून आणायची. अर्ज, आधार कार्ड, फोटो सगळं नंतर. आपलं ताट आपण धुवायचं, एवढाच तिचा नियम.

संस्थेचे सचिव भैय्याजी. कापडाचं दुकान, जिभेवर साखर. त्यांची मला तेव्हाही चीड यायची, आजही येते. दर दोन वर्षांनी आधारगृहाचं मूल्यमापन व्हायचं, त्यावर अनुदान ठरायचं. त्या फॉर्मात 'कुटुंबात परतलेल्या मुली' असा एक रकाना होता. रकाना भरायला मुली हव्यात, म्हणून जूनमध्ये भैय्याजींनी मला सेलूला मामाकडे पोचवलं, दारात उभं करून फोटो काढला आणि निघून गेले. अकराव्या दिवशी मामीनं माझी बॅग अंगणात ठेवली.

मी एसटीनं परत आले. तानाबाईनं माझं ताट मांडलं. "जेव," म्हणाली. माझ्या पलंगावर तोवर दुसरी मुलगी आली होती, म्हणून मी तानाबाईच्या खोलीत सतरंजीवर झोपू लागले. भैय्याजींना हे कळलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली, पण यादी बदलली नाही. कागदावर मी मामाकडे सुखात होते.

मार्चमध्ये पुण्याहून मूल्यमापनाला गुंजन मॅडम येणार होत्या. आदल्या दिवशी भैय्याजींनी तानाबाईला बजावलं, मयुरी दिसता कामा नये, दिसली तर कायमची बाहेर काढीन. त्यानंतरच्या सोमवारपासून माझी परीक्षा होती. तानाबाईनंच मला सकाळी उठवून एसटी स्टँडवर पाठवलं, संध्याकाळी ये म्हणून सांगितलं. मी पुस्तक मांडीवर उघडं टाकून बसले आणि मनातल्या मनात तिलाही भैय्याजींच्या रांगेत बसवलं.

घोटाळा जेवणात झाला, ते मला मुलींनी नंतर सांगितलं. सकाळी मी धुतलेलं माझं ताट मांडणीत सगळ्यात वर होतं. तानाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वरचं ताट उचललं आणि मॅडमना वाढलं. काठावर 'मयुरी' वाचून मॅडमनी यादी काढली. कुटुंबात परतलेल्यांत चौथं नाव. जुनं ताट आहे, आठवण म्हणून ठेवलंय, असं भैय्याजी सांगू लागले. मॅडमनी यादीतला माझा मोबाइल नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

घरी बरं चाललंय ना, त्यांनी मला विचारलं. खरं सांगावं तर अनुदान बंद होऊन बारा जणींचं घर जाणार. खोटं सांगावं तर मी कागदावर कायमची मामाकडे, आणि त्या घराचं दार मला बंद.

"घरीच आहे मॅडम," मी म्हणाले. "मामी स्वयंपाक करून राह्यली."

तेवढ्यात फोनमध्ये मागून तानाबाईचा आवाज आला. "खोटं बोलून राह्यली पोरगी. घर नाई तिले. भैय्याजीच्या सांगन्यावरून मीच तिले स्टँडवर बसवलं. जूनपासून माह्या खोलीत झोपते." मग मला म्हणाली, "मयुरी, वापस ये. जेवाची हायेस तू."

मॅडमनी मला त्या रकान्यातून खोडलं आणि निवासी मुलींत तेरावी म्हणून लिहिलं. आता मला कोणी काढू शकत नव्हतं. अनुदान बंद होणार नाही, पण शेरा वाईट जाईल, असं सांगून त्या गेल्या. तानाबाईचं काय होईल, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या फॉर्मात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

भैय्याजींना शेरा झोंबला. शनिवारी त्यांनी तानाबाईला कामावरून काढलं. शिस्त पाळत नाही, खोली उद्यापर्यंत रिकामी कर.

रविवारी दुपारी तिनं साड्या पिशवीत भरल्या. मी दारात उभी होते.

"मावशी, कुठं जाता?"

"सिंदीले. बहिनीकडे. तू अभ्यास कर."

तिची एकुलती बहीण दोन वर्षांपूर्वीच वारली होती. मातीला तानाबाईसोबत मीच सिंदीला गेले होते. ते मला आठवत होतं, आणि मला आठवत असणार हे तिलाही माहीत होतं. तरी मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या खोलीत माझ्यासाठी पलंग टाकायचं ठरलं होतं, आणि सकाळी माझा पेपर होता.