तिसऱ्या उन्हाळ्याच्या ताट्या

बायकोच्या रक्तातला आकडा पुन्हा चढला, त्या दिवशी मी लॅबच्या काउंटरवर भांडलो. "सॅम्पल बदललं असन तुमच्याकडे," म्हणालो. तिथल्या बाईंनी शांतपणे नळीवरचं नाव दाखवलं. मला तेही आवडलं नाही.

चिडायला कारण होतं. बायकोचा दमा जुनाच. दोन वर्षांपूर्वी खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडू लागल्या, तेव्हा एका डॉक्टरांनी थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिने तिनं त्या गिळल्या, भूक घालवून बसली, खोकला जागच्या जागी. मग छातीच्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी आयजीई नावाची रक्ततपासणी करायला लावली. बुरशीचे कण हवेत असतातच, सगळेच ते श्वासातून आत घेतात, त्या म्हणाल्या. हिचं शरीर मात्र त्यांच्यावर चवताळतं, आणि किती चवताळलंय ते या आकड्यावरून कळतं. हे वेळीच आवरलं नाही तर फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या खराब होतील. औषध लागू पडलं. दिवाळीपर्यंत आकडा खाली आला, ती न थांबता जिना चढायला लागली.

आणि मे महिन्यात पुन्हा वर. दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतलं, तेच. मग मी डॉक्टरबाईंवर घसरलो. "गोळ्या टायमावर, मी सोता देतो. मंग वाढला काहून?"

"घरात ओल कुठं आहे?"

"ओल? नागपुरात, मे महिन्यात?"

"कूलर आहे ना?"

कूलर म्हणजे माझा अभिमान. शेजारी कूलरच्या जाळीत, पाणी झिरपायला, दरवर्षी नव्या ताट्या बसवतात. मी वाळ्याच्या ताट्या पावसाळा लागला की काढून माळ्यावर ठेवतो, होळीनंतर उतरवून झटकतो आणि पुन्हा लावतो. हा त्यांचा तिसरा उन्हाळा. हे मी कौतुकानं सांगायला लागलो आणि सांगता सांगताच माझा आवाज खाली गेला.

बायको डॉक्टरबाईंना म्हणाली, "मी मागच्या सालीच ह्यायले म्हटलं होतं, कुबट वास येऊन राहिला. हे म्हणाले, वाळ्याचा वास असाच असते."

म्हणालो होतो. वर, आजारी माणसाला गारवा हवा म्हणून तिची खाट मीच कूलरसमोर ओढली होती.

डॉक्टरबाईंनी औषध वाढवलं. घरी येऊन मी ताट्या काढल्या. आतल्या बाजूनं त्या बुरशीनं काळ्या पडल्या होत्या. कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि कूलर बंद केला. उरलेला उन्हाळा तिनं पंख्याखाली, अंगावर ओला पंचा घेऊन काढला. एकदाही कुरकुरली नाही. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लॅबमधल्या बाईंची मी माफी मागितली, डॉक्टरबाईंचीही मागितली. घरात मात्र तोंड उघडेना.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला. कागद तिच्यापुढं धरून म्हणालो, "पाह वं, उतरला."

तिनं चष्मा लावून वाचला, घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण यापुढं मी वास येते म्हटलं, तं माझं ऐकत जा. माझ्या रक्तात निघायची वाट नका पाहू."