मारी टाक ना त्याले!

पर्वत पाटिया भागात आमच्या समोर राहणाऱ्या मावशी मूळच्या धुळ्याकडच्या. दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या आणि नातीबरोबर कार्टून बघायचं, हा त्यांचा दिनक्रम. त्या कार्टूनमधला हिरो कुणाचाच जीव घेत नाही. राक्षसाला बदडतो, समजावतो आणि सोडून देतो. तेव्हा मावशींचा आवाज अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातो, "मारी टाक ना त्याले! उद्या परत येई तो!" राक्षस खरंच परत आला की मावशी माझ्याकडे असं बघतात, जणू त्याला मीच सोडलं होतं.

परवा एका उंदराने त्यांच्याकडची नवी साडी पदरापासून कुरतडली. मावशींनी त्याची सात कुळं उद्धरली आणि संध्याकाळी त्याला पिंजऱ्यात पकडलंही. मी मोठ्या उत्साहाने पाण्याची बादली घेऊन गेलो.

"द्या मावशी, बुडवून टाकतो."

त्यांनी पिंजरा पदराआड घेतला. "कसा माणूस शेस रे तू!"

चपला घालून त्याला सोडायला त्या खाडीकडे निघाल्यासुद्धा.

"अहो, उद्या परत येईल तो!"

"येऊ दे. टीव्हीमधला मरीसनबी परत उठस. याले कोण उठाडी?"