अकोल्याच्या वाटेवरचा उपास

मी अमरावतीहून निघाले तेव्हा बंडीच्या (बैलगाडीच्या) बैलांच्या अंगावर माझ्यापेक्षा जास्त चांदी होती. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आहे, तिथला कापूस बंद झाला, आणि म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या बैलांना दागिने मिळाले. देवाची वाटणी अशी असते. हे मी आमच्या अमरावतीच्या पाद्रीसाहेबांपुढे बोलले नसते. वहीपुढे बोलायला मी लाजत नाही.

माणसांपुढे मात्र माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणूनच साहेबांनी मला धाडले असावे. ज्याला जे जमत नाही तेच त्याच्याकडून करून घेण्यात प्रभूला गंमत वाटते, असे त्यांचे मत आहे. अकोल्याच्या नव्या ख्रिस्ती मंडळीत सात-आठ बाया आहेत आणि वाचता येणारी एकही नाही. मी मिशनच्या शाळेत चौथी इयत्ता शिकले. आठवडाभर राहून त्यांना शास्त्र वाचून दाखवायचे, एवढे काम.

खामगावच्या बाजाराला कापूस नेणाऱ्या बंड्यांच्या रांगेत रहमतचाचांची बंडी होती. ते अकोल्यापर्यंत न्यायला तयार झाले.

"मागं बस, बेटी," ते म्हणाले. "कापसाले जात नसते, पण शेटजीच्या डोळ्याले असते."

मी महाराची लेक. गावात विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभी राहायची. कोणी वरून ओतले तर पाणी, नाही तर ऊन प्यायचे. मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला त्या रविवारी एकच पेला सगळ्यांच्या हातांतून फिरत माझ्याकडे आला, आणि माझ्या तोंडचा तो पुढे एका कुणब्याच्या तोंडाला लागला. तो मेला नाही. मी बराच वेळ बघत होते. मोकळे होणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले, असे मी समजत होते.

बडनेऱ्याला सखूबुडी (बुडी म्हणजे म्हातारी) चढली. काठी, गाठोडे, पाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा आणि अंबाडीच्या वाखाचा भारा. बसल्या बसल्या तिने मांडीवर दोर वळायला सुरुवात केली.

"कुठी चालली व माय?"

"अकोल्याला. तिथल्या पाद्रीसाहेबांकडे."

"मीबी तिथंच!" तिचे हात थांबले. "तिथं सारे एका पेल्यातून पेतात म्हणे. खरं हाय काय?"

"खरं आहे," मी म्हणाले. इतके ठासून मी जन्मात बोलले नव्हते.

"मंग बरं. खरं असंन तं डोक्शावर पानी घेईन. खोटं असंन तं आल्या वाटेनं वापस. या वयात कोनी मले फसवावं, असं आता उरलं नाई माह्यात."

मग तिने गाठोडे सोडले. ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. अर्धी तोडून माझ्यापुढे धरली. "घे."

मी भाकरीकडे पाहिले, मग दोराकडे. दोर वळणारी म्हणजे मांगाची. आम्हाला कोणी शिवत नसे, आणि आम्ही मांगाघरचे पाणी पीत नसू. का, ते मला कोणी सांगितले नव्हते. असल्या गोष्टींना चौथी इयत्ता लागत नाही.

"माझा आज उपास आहे," मी म्हणाले.

"किरिस्तावाचा उपास कोन्या वारी रायते व?"

"ते... ज्याच्या त्याच्या मनावर असते."

"बरं हाय," म्हणत तिने माझा वाटाही खाल्ला. माझ्या गाठोड्यात माझ्या चार भाकऱ्या होत्या; पण उपास जाहीर केल्यावर त्या काढणार कशा? शेवटी संध्याकाळी मी बाभळीच्या आड जाऊन कोरडीच भाकर गिळली. पायात काटा मोडला. ख्रिस्ती झाल्यापासून असा कडक उपास माझा पहिलाच, आणि तो अकोल्यापर्यंत असाच चालला.

दुसऱ्या दिवशी चैताचे ऊन तापले. दोन्ही बाजूंना काळी उघडी शेते आणि मधून पांढरी वाट. बंड्यांतून सांडलेला कापूस बाभळींना असा लटकला होता की झाडे पिकून म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. पोरीबाळी काट्यांतून तो वेचत होत्या. चाचा हसून म्हणाले, "कोनाची लढाई अन् कोनाची दिवाळी!"

एका नाल्यात चाक दणकन आदळले आणि माझे मडके फुटले. माझ्या वेगळेपणाचे एवढे एकच भांडे होते. दुपारपर्यंत घशात काटे उभे राहिले. सखूबुडीने तुंबा पुढे केला.

"नको. दात दुखतो. गार पाणी सोसत नाही."

"या उनात हे पानी गार हाय?" ती हसली. मी हसले नाही. मग तिचेही हसू गेले, आणि तिने तुंब्याला हळूच बूच लावले.

पुढच्या नाल्यावर मी उतरले आणि बैल पाणी पीत होते तिथेच ओंजळ बुडवली.

"बैलाचं उष्टं चालते वाटते, बेटी?" चाचांनी विचारले. ते सहज बोलले असतील. माझे कान पेटले.

बंडीवर परत बसले तेव्हा सखूबुडी कापसाच्या पोत्यावरच्या दोरावर हात फिरवत होती. "हे दोर माह्या हातचे हायेत," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "दोर चालते साऱ्यायले."

मूर्तिजापुरापासून पुढे ती माझ्याशी बोलली नाही. चाचांशी बोलली, बैलांशीही बोलली.

चौथ्या दिवशी अकोल्याचा तट दिसला, मग मोर्णा नदीचे पाणी, मग कापसाचे ढीग. ढिगांवर कापूस दाबायला माणसे अशी नाचत होती की स्वर्गात ढग तुडवण्याचे काम यांनाच मिळावे. अकोल्याच्या पाद्रीसाहेबांचे घर कौलारू. ओट्यावर मंडळी जमली होती आणि मोठ्या हंड्यात वरण शिजत होते. चाचांनी आम्हाला उतरवले आणि बैलांना पाणी पाजायला वळले.

साहेबांचे मराठी एखाद्या पंडिताकडून विकत घेतल्यासारखे होते. त्यांनी बुडीला विचारले, "बाई, आपला विश्वास दृढ आहे काय?"

"माह्यं राहू द्या," बुडी म्हणाली. "आधी या बाईचा उपास कधी सुटते, ते विचारा. चार दिस झाले."

सगळा ओटा माझ्याकडे वळला.

"उपवास! चार दिवस!" साहेबांचे डोळे भरून आले. "भगिनींनो, हिचा कित्ता गिरवा."

बायांनी माझ्याकडे अशा भक्तीने पाहिले की जमिनीने फाटून मला गिळावे असे वाटले. जमिनीने मनावर घेतले नाही. सखूबुडीने गाठोडे उचलले आणि ओट्याची पायरी उतरली. "रहमतभाई," तिने हाक मारली, "वापस येसान तवा मले घेऊन जा. तवरिक या झाडाखाली बसतो मी."

ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. हे असेच निघणार, हे तिला आधीच ठाऊक असावे. ते मला बघवेना.

"माय," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला. "तुझी भाकर उरली काय?"

ती थांबली. "हाय. गोटा झाली."

"दे."

तिने गाठोडे न सोडताच विचारले, "काहून?"

तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले. "उपास नव्हता. दातही दुखत नव्हता. ही मांगाची, म्हणून मी हिच्या हातचे घेतले नाही. बैलांबरोबर प्याले."

बुडीने भाकर दिली. मी घास तोडायला गेले, तो तुटेना. दाढेखाली धरून जोर लावला तेव्हा कडकन आवाज झाला. मला वाटले भाकर मोडली. दाढ मोडली होती. तोंडात रक्त आले. मी तिचा तुंबा घेतला आणि तोंड लावून घटाघट प्याले.

बुडीने माझी हनुवटी धरली. "दाखो." तोंडात डोकावून म्हणाली, "आता दुखत असंन खरंच."

माझे खोटे देवाने असे खरे केले. त्याला विनोद कळत नाही, असे कोणी म्हणू नये.

बुडी मात्र एका भाकरीने विकली गेली नाही. "आठ दिस पायतो," म्हणाली. ते आठही दिवस मी बायांना शास्त्र वाचून दाखवले आणि बुडीच्या हातचे जेवले. पहिले दोन दिवस माझा घसा आवळत होता, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी आवळला तो ठेच्याने. बाया माझ्या अडखळण्याला हसायच्या, मग त्यांच्याबरोबर मीही हसू लागले. रविवारी सखूबुडीने डोक्यावर पाणी घेतले. पेला आला तेव्हा ती माझ्या आधी होती. प्याली, पदराने कड पुसायला गेली. मी तिचा हात धरला आणि न पुसताच घेतला.

परतीला चाचांची बंडी रिकामी होती, म्हणून पुढे बसायला मिळाले. बुडी अकोल्यातच राहिली. तिने दिलेली शिदोरी चाचांनी आणि मी नाल्यावर खाल्ली.

गावच्या विहिरीवरच्या बाया मी गेले की आपले हंडे मागे ओढायच्या. त्यांचे काळीज वेगळ्या दगडाचे असेल, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. तोच दगड माझ्या घशात निघाला. त्यांना यामुळे मी माफ केले असे नाही. तेवढी ख्रिस्ती मी अजून झालेले नाही. पण माझ्या हातचे दुसऱ्याने प्यावे, एवढ्यालाच मी मोकळे होणे समजत होते. ते अर्धेच होते. उरलेले अर्धे सखूबुडीच्या तुंब्यात होते.

आता अमरावतीला रविवारी पेला फिरत माझ्याकडे येतो, तेव्हा कोण आधी प्याले ते मी बघत नाही. जीभ आपोआप डाव्या बाजूच्या त्या खिंडीत जाते, दाढ होती तिथे, आणि मग मी पिते.