दत्तारामाचं नाव घेऊन

पेडणे तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत सुमंगला परब अठरा वर्षं आरोग्यसेविका म्हणून फिरली. काजूच्या हंगामात बागांतून सर्पदंश ठरलेलेच. म्हणून दर फेब्रुवारीत ती भिंतीवर तक्ता टांगून बैठक घ्यायची. लक्षणं सात, करू नयेत अशा गोष्टी नऊ. लोक माना डोलवायचे, चहाबरोबर उंडे पाव खाऊन घरी जायचे. आपलं काम चोख आहे, असं तिला वाटे.

मग एका मार्चमध्ये दत्ताराम गेला. काजूचे बोंडू गोळा करताना पायाला साप डसला. घरच्यांनी आधी गावच्या मांत्रिकाकडे, घाड्याकडे नेलं, मंत्र-मुळी झाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. पंधराच दिवसांपूर्वी तो सुमंगलेच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसला होता. हे तिच्या जिव्हारी लागलं. दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या बायकोला, सुशीलाला भेटायला गेली तेव्हा तिला राहवेना.

"वहिनी, मी सगळं सांगितलं होतं ना गं?"

"सांगललंस," सुशीला म्हणाली. "पण त्या घडीक तुझो तक्तो कोणाक आठवलो नाय. घाड्यान कोणाकोणाक उठवन बसयलां, ता मात्र सगळ्यांका आठवला."

खरंच होतं. घाड्याकडे प्रत्येक दंशाची गोष्ट होती, नावागावासकट. तिच्याकडे होते सात आणि नऊ.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर ती पुन्हा सुशीलाकडे गेली. "तुझ्या घरधन्याची गोष्ट लोकांना सांगू का?"

"सांग," सुशीला म्हणाली. "पण नाव घेवन सांग. 'एक मनीस' म्हणा नको."

त्या वर्षी तक्ता कपाटातच राहिला. सुमंगलेनं दत्तारामाची निळी टोपी सांगितली, डब्यातली पेज आणि तोराचं, कोवळ्या कैरीचं लोणचं सांगितलं, पायाला झालेला चटका सांगितला. गोष्टीतली रिक्षा तिठ्यावर आली. डावीकडे घाडी, उजवीकडे दवाखाना. तिथे ती थांबली. चहाचे पेले हातातच राहिले.

"मगे? खंय गेले?" मागून आनंदी ओरडली. आनंदी दोडामार्गाहून बागेत मजुरीला आलेली. एरवी बैठकीत पेंगायची.

"तू खंय गेली असतीस?" सुमंगलेनं विचारलं, आणि सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या.

पणजीतल्या प्रशिक्षणात तिनं हे भीत भीत सांगितलं. मानसशास्त्र शिकवणाऱ्या तनयाबाई ऐकतच राहिल्या. "आकडा मेंदू बाजूला ठेवतो," त्या म्हणाल्या, "पण माणूस दिसला की त्याच्या जागी स्वतःला उभं करतो. गोष्ट अर्धी राहिली तर त्याला चैन पडत नाही. आणि घाबरल्यावर नियम कोण शोधतंय? पाय ओळखीच्या वाटेनं जातात. तुम्ही त्यांना उजवीकडची वाट आधीच चालवून आणलीत."

"मी हे घाड्याकडूनच शिकले हो," सुमंगला म्हणाली. सभागृह हसलं, पण तिनं खरंच सांगितलं होतं.

दोन वर्षांनी एप्रिलात त्याच गावातल्या सागरला फुरसं डसलं. तिठ्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "खंय घेव?" सागरची बायको कोमल, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली, पण फेब्रुवारीत सुमंगलेची गोष्ट ऐकलेली. सासू डावीकडे बोट दाखवत होती. कोमल ओरडली, "उजवीकडे! दत्ताराम डावीकडे गेललो!" सागरचा पाय तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवला, हलू दिला नाही. आठव्या दिवशी तो चालत घरी आला.

ही बातमी सुमंगलेनंच सुशीलाला नेऊन दिली. सुशीला रडली नाही. पदर सारखा करून ताठ बसली आणि म्हणाली, "माझ्या घोवाच्या नावान कोण तरी जगलो."

आता सत्तरी तालुक्यातल्या आरोग्यसेविकांना शिकवायला दोघींनाही बोलावणं येतं. परवा वाळपईच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, सरकारी कामाला निघालात काय? सुमंगला उत्तर देणार, तोच सुशीला म्हणाली, "भाषण करूक न्हय गे. गोष्ट सांगूक. आणि ती मी सांगतलंय."

सुमंगलेनं हसून खिडकीकडची जागा तिला दिली.