पुसलेली चिंगी

ते प्रकरण आठवलं की अजून हसू येतं आणि पाठोपाठ मान खाली जाते.

तेव्हा मी जयपूरच्या एका सायबर ठाण्यात अधिकारी होतो. फिर्यादी होती साताऱ्याची एक तरुणी. आयटीतली नोकरी सांभाळून, जयपूरजवळच्या बगरू गावच्या एका वयस्क छपाईकारासोबत ती ऑनलाइन साड्या विकायची. त्याला ती चाचाजी म्हणे. बाजारात येण्याआधीच तिची चिमणीची नवी नक्षी सांगानेरच्या एका कारखान्यात छापली जातेय, अशी खबर तिला लागली होती. नक्षी ठाऊक होती दोघांनाच. मी चाचाजींना बोलावून घेतलं, सकाळपासून बाकावर बसवलं आणि कडक शब्दांत विचारपूस केली. खरं सांगतो, मनात मी त्यांना चोर ठरवून टाकलं होतं. ते इतकंच म्हणत राहिले की मुलीचा विश्वास गेला असेल तर यापुढे छपाईचा लाकडी ठप्पा हातात धरणार नाही. ती मुलगी समोर बसून मुकाट रडत होती.

दुपारी हवालदार बाईंनी सांगानेरची जाहिरात फोनवर दाखवली. साडीचं नाव होतं 'चिंगी'.

मी थबकलो. हे मराठी लाडाचं नाव सांगानेरला कोण ठेवणार? चाचाजींना नक्षीचं नाव विचारलं. "चिरैया," ते म्हणाले, म्हणजे चिमणीच. मी 'चिंगी' म्हणून पाहिलं.

"चिंगी? वो क्या होवे है?"

मुलीचं रडणं थांबलं. "सर, घरी मला चिंगी म्हणतात. दुकानाच्या पानावर आधी तेच नाव टाइप केलं होतं. मग म्हटलं, इथे कुणाला कळणार? पुसलं आणि चिरैया लिहिलं. सेव्हसुद्धा केलं नव्हतं."

सेव्हही न केलेला शब्द चाचाजींनी चोरायचा कुठून?

ते पान कसं उघडलं होतं, हे तिला करून दाखवायला सांगितलं. व्यापाऱ्यांच्या एका ॲपमधल्या लिंकवर तिने बोट ठेवलं. पान उघडलं, पण त्या ॲपच्याच पोटात. हवालदार बाई म्हणाल्या, हा आपला ब्राउझर नव्हे. ही भाड्याची खोली, दुसरी किल्ली मालकाकडे. तिथे टाइप केलेलं अक्षर न् अक्षर मालकाने ठरवलं तर त्याला दिसतं. तिने दुकानाचा पासवर्डही तिथेच टाइप केला होता, आणि तो वापरूनच नक्षीचा फोटो चोरीला गेला. बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायची सोय कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांखाली दडवलेली.

पुढे ॲपवाल्याने नक्षी सांगानेरला विकल्याची कबुली दिली. पण ठाण्यातला खरा आनंद त्या दुपारचाच. मुलगी चाचाजींच्या पाया पडली. मी "आता जा" म्हटलं, तर ते उठेनात.

"चाय तो पिलाओ साहब, सुबह से चोर बनाके बैठा रखा है."

अख्खं ठाणं हसलं. मीही हसलो, चहा मागवला, आणि माफीचं तेवढं चहावर भागवलं. साडी पुढे 'चिंगी' याच नावाने निघाली. चाचाजी तिला अजून 'चिंकी' म्हणतात म्हणे.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. लिंक आली की मी आधी ते तीन ठिपके शोधतो; बायको म्हणते, संशयी स्वभाव काही निवृत्त झाला नाही. दुसरी गोष्ट पुसण्याची. चाचाजींना पाठवायला माफीचे शब्द फोनवर कितीदा लिहिले आणि पुसले. कुठल्या तरी ॲपवाल्याने ते वाचलेही असतील. ज्यांनी वाचायला हवे होते, त्यांनी मात्र नाही.

म्हणून उद्या बगरूला निघालोय. तोंडानेच सांगेन. चहा ते पाजतीलच.